दलाल कोणाचा? इंदूरमधल्या एका घरखरेदीचं प्रकरण

घर विकणाऱ्याचा दलाल असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घेणाऱ्याचाही आपला असा वेगळा माणूस असावा, हे मात्र इंदुरात अजून फार थोड्यांच्या मनात येतं. इथे दलाल बहुधा एकच असतो. तोच घर दाखवतो, तोच भाव जुळवतो, रजिस्ट्रीच्या दिवशी दोन्ही पक्षांना तोच सांभाळतो आणि दोघांकडूनही एक-एक टक्का घेतो. वादी आणि प्रतिवादी एकाच वकिलाला वकीलपत्र देऊन मोकळे झाले, असं कोर्टात कधी घडत नाही. आयुष्यभराची पुंजी ज्यात जाते त्या व्यवहारात मात्र आपण हे सहज चालवून घेतो.

म्हणून हे प्रकरण मुद्दाम लिहून काढतो आहे. एका निवृत्त शिक्षिकेने फक्त आपल्या बाजूने काम करणारी व्यक्ती नेमली, तीही लेखी करार करून. त्या करारात आणि पुढे कागद तपासण्यात वकील म्हणून माझा भाग होता. बाईंच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बाई लोकमान्य नगरात भाड्याने राहत होत्या. राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यातला त्यांचा वाटा जून २०२४ मध्ये विकला गेला आणि हाताशी साधारण ८८ लाख रुपये आले. मुलगा आणि सून पुण्यात. गरज अगदी साधी होती. गुडघे दुखतात म्हणून तळमजला हवा, बहीण सुदामा नगरात म्हणून घर त्याच बाजूला, अन्नपूर्णा मंदिराच्या आसपास हवं, आणि रजिस्ट्रीचा खर्च धरून सगळं याच पैशांत बसायला हवं. हा शेवटचा मुद्दा लहान नाही. मध्य प्रदेशात शहरी हद्दीत मुद्रांक आणि नोंदणी मिळून किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त जातात. महिलेच्या नावावर रजिस्ट्री केली तर नोंदणी शुल्कात सवलत मिळते, पण तरीही आठ लाखांच्या आसपास रक्कम बाजूला ठेवावीच लागणार होती.

पहिला दलाल ओळखीतून आला. बोलायला गोड, मराठी, बाईंना पहिल्या दिवसापासून "काकू" म्हणणारा. त्याने दाखवलेलं एक घर बाईंना आवडलं. बांधणी मजबूत, पुढे थोडं अंगण. मालक अमेरिकेत आणि इथला कारभार त्याच्या भाच्याकडे, कुलमुखत्यारपत्रावर. किंमत ७९ लाख सांगितली गेली. पाठोपाठ घाई सुरू झाली. "काकू, एकतीस मार्चच्या आत रजिस्ट्री झाली नाही तर वाड्याच्या पैशांवर टॅक्स बसेल. एक एप्रिलपासून गाइडलाइनही वाढणार आहे. उद्या बयाण्याचा चेक माझ्या नावाने द्या, मी मालकापर्यंत पोचवतो."

या एका बोलण्यात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही नीट पाहण्यासारख्या आहेत.

टॅक्सची भीती खोटी होती. निवासी घर विकून आलेल्या दीर्घकालीन नफ्यातून दुसरं घर घ्यायला आयकर कायदा विक्रीपासून दोन वर्षं देतो. तोवर पैसे वापरले गेले नसतील, तर विवरणपत्राच्या मुदतीआधी ते बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवायचे असतात. ही योजना १९८८ पासून आहे. म्हणजे बाईंच्या हातात जून २०२६ पर्यंतचा वेळ होता आणि ३१ मार्चशी त्याचा काही संबंध नव्हता.

गाइडलाइनची गोष्ट अर्धी खरी होती. कलेक्टर गाइडलाइनचे, म्हणजे सरकारने ठरवलेले मालमत्तेचे किमान, दर बहुधा एप्रिलपासून बदलतात, हे बरोबर. पण मुद्रांक शुल्क गाइडलाइन आणि प्रत्यक्ष किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. समजा घराची गाइडलाइन ५८ लाख होते आणि सौदा ७९ लाखांना ठरतो. गाइडलाइन दहा टक्क्यांनी वाढली तरी ६४ लाखांच्या आतच राहते, आणि शुल्क आधीही ७९ लाखांवर होतं, नंतरही ७९ लाखांवरच. अर्धं खरं असलेली भीती जास्त काम करते, कारण चार जणांना विचारलं तर चौघेही म्हणतात, "हो, वाढते खरी."

तिसरी गोष्ट चेकची. मालकाला द्यायचे पैसे दलालाच्या नावाने का द्यायचे? मुलाने पुण्याहून "आई, थांब" म्हटलं म्हणून तो चेक लिहिला गेला नाही.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खरा भाव बाहेर आला. त्या घरमालकाची आत्या बाईंच्या बहिणीकडे आली होती. घराचा विषय निघाल्यावर ती सहज म्हणाली, "आमच्या मुलाला सत्तर हातात मिळाले म्हणजे झालं, वरचं दलालाचं." आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. याला "नेट रेट" म्हणतात. मालक आपली रक्कम सांगून मोकळा होतो आणि वर जे सुटेल ते दलालाचं. इथे वरचे होते नऊ लाख. शिवाय बाईंकडून ७९ लाखांचा एक टक्का, म्हणजे ७९ हजार, वेगळे ठरलेले होते.

बाईंना फार लागलं. मला त्यांनी एकच विचारलं, "तो माझा माणूस होता की नव्हता?"

कायद्याच्या नजरेने हाच मूळ प्रश्न आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि त्याच्या दहाव्या प्रकरणात अभिकर्त्याची, म्हणजे एजंटची, कर्तव्यं दिली आहेत. एजंटने आपल्याला नेमणाऱ्याला न सांगता स्वतःसाठी व्यवहार केला आणि त्यातून फायदा काढला, तर कलम २१६ प्रमाणे तो फायदा नेमणारा मागू शकतो. कामात गैरवर्तन केलं, तर कलम २२० प्रमाणे त्या भागाचा मोबदला त्याला मिळत नाही. कलमं बळकट आहेत. पण ती लागू होण्याआधी तो तुमचा एजंट होता हे सिद्ध व्हावं लागतं, आणि बाईंकडे त्याचा एकही लेखी शब्द नव्हता. घरमालकाने तर "वरचं तुझं" म्हणून स्वतःच मोकळीक दिलेली होती. म्हणजे तो मालकाचा माणूस धरला तर त्याने काही लपवलं नाही, आणि बाईंचा धरला तर नऊ लाख लपवले. काकू म्हणण्याने माणूस कोणाचा ते ठरत नाही.

याच घरात आणखी एक खड्डा होता आणि मला तो नऊ लाखांहून गंभीर वाटला. दलाल म्हणाला होता, "एक टक्का टीडीएस भरून टाका, झालं." पन्नास लाख किंवा त्यावरच्या घरासाठी एक टक्का हा दर आहे खरा, पण विकणारा भारतातला रहिवासी असेल तेव्हाच. इथला मालक अनिवासी होता. अशा वेळी घेणाऱ्याला वेगळ्या कलमाखाली कर कापावा लागतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत दीर्घकालीन नफ्यावर हा दर साडेबारा टक्के, वर उपकर आणि लागू असेल तर अधिभार. मालकाने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल, तर पूर्ण किमतीवर कापणं हाच घेणाऱ्यासाठी सुरक्षित मार्ग. ७९ लाखांवर ही रक्कम उपकरासह १० लाख २७ हजार होते. बाईंनी ७९ हजार कापून बाकी सगळं अमेरिकेत पाठवलं असतं, तर उरलेल्यासाठी खात्याची नोटीस बाईंच्या दारात आली असती. दलालाने हे लपवलं की त्याला ठाऊकच नव्हतं, ते मी सांगू शकत नाही. बाईंच्या बाजूने विचार करणं हे कोणाचंच काम नव्हतं, एवढं मात्र दिसत होतं.

ते घर सोडलं.

मुलाने तेव्हा अमेरिकेतली एक बातमी पुढे ठेवली. तिथे वर्षानुवर्षं घर विकणाराच दोन्ही बाजूंच्या एजंटांचं कमिशन देत असे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला, मग तिथल्या रिअल्टर संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता तिथे घर बघायला जाण्याआधी घेणाऱ्याने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा असतो, आणि मोबदला किती ते त्यात स्पष्ट लिहायचं असतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण करार करायला बंदीही नाही.

माणूस शोधायला थोडा वेळ लागला. शेवटी एक महिला मिळाल्या. पूर्वी गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत कागद आणि मूल्यांकन पाहत होत्या, आता स्वतंत्रपणे सल्ला देतात. बाई त्यांना ताई म्हणत, म्हणून इथे मीही ताईच म्हणतो. बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, "तुमचा रेरा नंबर आहे ना?" होता. पण ताईंनी स्वतःच सांगितलं, "काकू, जुनं घर घेणार असाल तर त्या नंबराचा तुम्हाला फारसा उपयोग नाही." हे खरं आहे. बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यातलं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातल्या प्लॉट-फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत पडणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची करतं. एका माणसाने आपलं जुनं घर दुसऱ्याला विकलं, तर ते त्या चौकटीत येत नाही. तिथे तुमचं रक्षण तुमच्या करारानेच होतं.

म्हणून करारावर आम्ही खूप वेळ घालवला, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळं मोलाचं तिथेच आहे.

पहिला वाद मोबदल्याचा. नेहमीचा एक टक्का ताईंना चालला असता. पण हिशोब मांडून बघा. ८० लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे ८० हजार. एजंटने दोन महिने झगडून किंमत ७६ लाखांवर आणली, तर घेणाऱ्याचे चार लाख वाचतात आणि एजंटचे चार हजार कमी होतात. लोक म्हणतात, टक्केवारीमुळे एजंट भाव चढवतो. चार हजारांसाठी कोणी भाव चढवत नाही. टक्केवारीची खरी ओढ सौदा लवकर उरकण्याकडे असते, कारण सौदा झाला तर ८० हजार आणि मोडला तर शून्य. शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हर्सन यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. गिऱ्हाइकाच्या घरासाठी तेच लोक तेवढं थांबत नाहीत. तो अभ्यास विकणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण घेणाऱ्याच्या बाजूलाही ओढ तीच.

मुलाची सूचना वेगळी होती. "जितकी किंमत कमी करून द्याल त्याच्या दहा टक्के तुमचे." ऐकायला छान वाटतं, पण कमी कशापासून मोजणार? मालक ८२ म्हणाला की ९०, यावरच सगळं अवलंबून राहतं, आणि तो आकडा फुगवून सांगायला कोणाला काही पडत नाही. ते बाजूला ठेवलं.

शेवटी ठरली ठोक रक्कम, ६० हजार. सुरुवातीला १५ हजार, तीन मालमत्तांचे लेखी अहवाल दिल्यावर २० हजार आणि रजिस्ट्रीनंतर २५ हजार. मुदत सहा महिने. मधल्या हप्त्यासाठी एक वाक्य मी आग्रहाने घातलं: खरेदी न करण्याचा सल्ला हेही पूर्ण झालेलं काम मानलं जाईल. हे वाक्य कायद्यानेही लागतं. करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही, आणि खरेदी हेच काम धरलं तर "घेऊ नका" म्हणणाऱ्याला काहीच मिळायचं नाही. ज्याला "घेऊ नका" म्हणण्याचेही पैसे मिळतात, त्याच्याच "घ्या" वर विसंबता येतं, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या कोणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. कोणी देऊ केला तर त्याच दिवशी कळवायचं, आणि घेतलाच तर तो बाईंचा. विकणारा किंवा त्याचा दलाल ओळखीचा असेल तर घर दाखवण्याआधी सांगायचं. बयाणा देण्याचा, सही करण्याचा, होकार कळवण्याचा अधिकार नाही. आणि बाईंचं बजेट आणि बाईंची मुदत कोणालाही सांगायची नाही. या शेवटच्या अटीवर ताई म्हणाल्या की इतक्या वर्षांत ही कोणी लिहून मागितली नव्हती. मला याचं नवल वाटलं. दलालाचा पहिला प्रश्न असतो "बजट कितना है," आणि आपण तो आकडा मोकळ्या मनाने समोरच्या पक्षाच्या माणसाला देऊन बसतो.

पहिले दोन अहवाल नकाराचे आले.

सुपर कॉरिडॉरच्या पुढचा एक प्लॉट मुलाच्या मनात भरला होता. तिथे सौदा डायरीवर चालला होता. इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. परवानग्या येण्याआधीच प्लॉट विकायचे, पैशांची नोंद डायरीच्या पानावर करायची आणि ते पानच हातोहात पुढे विकत राहायचं, असा हा धंदा. जाहिरातीवर रेरा क्रमांक होता, पण तो पहिल्या टप्प्याचा, आणि दाखवलेला प्लॉट दुसऱ्या टप्प्यातला. रेरा कायद्यात नोंदणीकृत विक्री-करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. डायरीवर तीस टक्के मागत होते. ताईंनी अहवालात बंधक प्लॉटांची यादीही मागायला लिहिलं होतं. विकासाची कामं पुरी होईपर्यंत कॉलनीतले काही प्लॉट स्थानिक संस्थेकडे गहाण ठेवावे लागतात, आणि तेही भोळ्या गिऱ्हाइकांना विकले जातात. यादी आली नाही. विषय संपला.

दुसरं घर एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कॉलनीतलं. शेजार मराठी, गणपतीत सगळे एकत्र, बाईंना तिथे फार बरं वाटलं. पण संस्थेच्या वरीयता सूचीत, म्हणजे सभासदांच्या प्राधान्यक्रमाच्या यादीत, त्या प्लॉटसमोर दुसऱ्याच सभासदाचं नाव निघालं. अशा संस्थांच्या भानगडी इंदूरला नव्या नाहीत. २०२१ मध्ये प्रशासनाने पुष्प विहार आणि अयोध्यापुरीत वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या सभासदांना प्लॉटचा ताबा देण्याची मोहीम काढली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे डोळे कसे भरून आले होते ते शहराने पाहिलं आहे. ताईंनी लिहिलं, "रजिस्ट्री निर्दोष दिसते, मूळ वाटप दिसत नाही. घेऊ नये." बाई दोन दिवस गप्प होत्या.

तिसरा अहवाल यायला मात्र उशीर झाला. ठोक रकमेचा दोष इथेच दिसतो. सौदा झाला काय, न झाला काय, दोन हप्ते ठरलेले, मग शोधाशोधीचा जोर कमी पडतो. बाईंनी तसं स्पष्ट बोलून दाखवलं, ताईंनीही ते मनाला लावून न घेता कामाला लागायचं ठरवलं. एप्रिलमध्ये ते घर सापडलं.

इंदूर विकास प्राधिकरणाच्या पश्चिमेकडच्या एका स्कीममधलं, तळमजल्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पारिजातक. मागणी ८२ लाख. विकणारे वयस्क गृहस्थ, इंदूरचेच रहिवासी, त्यांचा दलाल वेगळा. प्राधिकरणाचे प्लॉट मुळात लीजवर दिलेले असतात, त्यामुळे इथे रजिस्ट्री पाहून भागत नाही, प्राधिकरणाची फाइल पाहावी लागते. ती पाहिल्यावर कळलं की विकणाऱ्यांनी मूळ वाटपदाराकडून घर घेतलं, रजिस्ट्री झाली, पण प्राधिकरणात नामांतरण केलंच नाही. फाइलमध्ये अजून पहिलंच नाव होतं. लीज रेंट थकलेलं होतं. गच्चीवरची खोली मंजूर नकाशात नव्हती.

मला यात घर सोडण्यासारखं काही दिसलं नाही, ताईंनाही नाही. ही दुखणी दुरुस्त होणारी होती. प्रश्न एवढाच की दुरुस्ती कोणी आणि कोणाच्या पैशाने करायची. ताईंनी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. नामांतरण आणि थकबाकी विकणाऱ्यांनी रजिस्ट्रीआधी पूर्ण करायची. बयाणा एक लाख, चेकने, विकणाऱ्यांच्या नावाने, आणि नव्वद दिवसांत काम झालं नाही तर परत. किंमत ७३ लाख.

समोरून दोन उत्तरं आली. एक उघड: बारा लाख रोख द्या, रजिस्ट्री कमीची करू. बाईंनी तत्त्व म्हणून नाही म्हटलंच, पण ताईंनी व्यवहारही समजावला. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. शिवाय बाईंना वाड्याच्या नफ्यावर सूट मिळणार ती कागदावरच्या किमतीइतकीच. रोख दिलेले बारा लाख त्या हिशोबात कुठेच धरले गेले नसते.

दुसरं उत्तर खाजगीत आलं. विकणाऱ्यांच्या दलालाने ताईंना फोन केला, "मॅडम, आधा-आधा कर लेते हैं. बस आंटी को अठहत्तर पर ले आओ." त्याच्या कमिशनातला अर्धा वाटा, म्हणजे साधारण ३९ हजार. धंद्यात दोन दलालांनी कमिशन वाटून घेणं रोजचं आहे, त्यात कोणाला गैर वाटत नाही. ताईंनी त्याच संध्याकाळी बाईंना आणि मुलाला शब्दन् शब्द लिहून कळवलं आणि दलालाला नकार दिला. करारातलं ते कलम लिहिताना मला ते कदाचित कधी लागणारच नाही असं वाटलं होतं. ते लागलं, आणि ताईंनी ते पाळलं. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

दलालाचा सूर बदलला. दुसरं गिऱ्हाईक ७८ ला तयार आहे, शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर घर गेलं. त्या रात्री बाईंचा मला फोन आला. "वकीलसाहेब, पारिजातक असलेलं घर पुन्हा मिळेल का हो?" याचं उत्तर कायद्यात नसतं. मी म्हटलं, ताई काय म्हणतात? ताई म्हणाल्या होत्या, "काकू, नामांतरण झाल्याशिवाय ७८ ला घेणारा कोणी खरंच असेल तर त्यांना घेऊ द्या. तुमच्याकडे पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे." रजिस्ट्री झाली तरच ज्याची चूल पेटते, त्याला हे वाक्य म्हणणं फार कठीण आहे. बाई थांबल्या. शनिवार गेला, पुढचाही गेला. मग विकणाऱ्यांनी स्वतः, दलालाला बाजूला ठेवून, फोन केला. ७४ लाख ५० हजारांवर ठरलं, बाकी अटी तशाच.

दलालाने बाईंकडेही एक टक्का मागितला, "दस्तूर है" म्हणून. ताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं की घेणाऱ्याकडून काही मिळणार नाही. त्याने कुरकुर केली, पण त्याचं कमिशन विकणाऱ्यांनीच दिलं.

नामांतरणाला नव्वदपेक्षा जास्त दिवस लागले, मुदत लेखी वाढवली. दरम्यान जुलैत बाईंनी भांडवली नफ्याच्या खात्यात पैसे ठेवले, त्यामुळे कसली घाई उरली नाही. ऑगस्टमध्ये रजिस्ट्री झाली. १० ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात संपदा २.० ही रजिस्ट्रीची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आहे, त्यात मालमत्तेचं जिओ-टॅगिंग होतं आणि ओळख आधारशी पडताळली जाते. विकणारे रहिवासी असल्यामुळे टीडीएस इथे एक टक्काच, ७४ हजार ५०० रुपये, आणि तो बाईंच्या नावाने वेळेत भरला गेला.

खर्चाबाबत बाईंची एक तक्रार राहिली आणि ती रास्त आहे. ६० हजारांत सगळं आलं असा त्यांचा समज होता. माझी सर्चची, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासण्याची, फी, सनदी लेखापालाची फी आणि गच्ची-भिंती तपासणाऱ्या इंजिनीअरची फी वेगळी लागली. करारात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याहून मोठी उणीव रजिस्ट्रीनंतर दिसली. ताईंचा शेवटचा हप्ता रजिस्ट्रीला बांधलेला होता, तो त्यांना मिळाला आणि करार तिथे संपला. पण बाईंचं काम संपलं नव्हतं. प्राधिकरणात बाईंच्या नावाने पुन्हा नामांतरण, नगर निगमात संपत्तिकराचं खातं, विजेचं कनेक्शन, नळाचं कनेक्शन, हे सगळं बाईंनी आणि बहिणीच्या मुलाने खिडक्यांसमोर उभं राहून केलं, आणि ते दिवाळीनंतर पुरं झालं. ताई विचारलं की सांगत होत्या, पण सोबत जाणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. विकणाऱ्यांची मूळ अडचण नेमकी हीच होती, रजिस्ट्री झाली आणि नामांतरण राहिलं.

आता असा करार कोणी करायला आलं तर मी २५ हजारांचे दोन तुकडे करतो. दहा हजार रजिस्ट्रीनंतर आणि पंधरा हजार प्राधिकरण किंवा निगमाच्या नामांतरणाचा कागद हातात आल्यावर. आणि वकील, लेखापाल, इंजिनीअर यांची फी कोण देणार, ते पहिल्याच पानावर लिहितो.